प्रमाण मळ

केस कापून झाले की आमचा सलूनवाला टॉवेलचा कोपरा कोमट पाण्यात बुडवतो आणि मानेवरून एकदा फिरवतो. एकदाच. अकरा वर्षं मी त्याच्याकडे जातोय, आणि अकरा वर्षं तो हात एकदाच फिरत आलाय. त्या दिवशी तो दोनदा फिरला. मग थांबला. मग कोपरा पुन्हा पाण्यात गेला, पिळला गेला आणि उजव्या कानामागून खाली, कॉलर टेकते त्या जागी, जरा जोर लावून तिसऱ्यांदा फिरला. समोरच्या आरशात मला त्याचा चेहरा दिसत होता. माझी मान दिसत नव्हती, कारण स्वतःची मान बघायची सोय माणसाला दिलेली नाही. एरवी हा गृहस्थ कात्रीपेक्षा तोंड जास्त चालवतो. शेजारच्या दुकानदाराची भांडणं, स्वतःच्या सासऱ्याचं दुखणं, सगळं माझ्या डोक्यावर ओतून झाल्याशिवाय गळ्याभोवतीची चादर सोडत नाही. त्या दिवशी तो एकदम गप्प झाला. शेवटी मागे छोटा आरसा धरून "बघा, ठीक आहे?" असं विचारायचं असतं, तेही त्यानं केलं नाही. चादर झटकली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "झालं, साहेब." आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसा तो आवाज होता. मी बाहेर पडलो तेव्हा माझा हात आपोआप कॉलरपाशी गेलेला होता, आणि पुढचे तीन आठवडे तो बहुतेक तिथेच राहिला.

हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं तर त्यानं घरी जाऊन मान धुतली असती आणि विषय मिटवला असता. पण मी साबणाच्या कारखान्यात परीक्षक आहे. सव्वीस वर्षं. बाजारात जाणाऱ्या प्रत्येक घाण्यातली एक वडी आधी माझ्या टेबलावर येते. ती फेस किती देते, ओली राहिली तर किती लिबलिबीत होते, वाळली की तडकते का, हे मी बघतो. आणि मुख्य म्हणजे मळ किती काढते हे बघतो. लोकांच्या लक्षात येत नाही, पण साबण तपासायला मळ लागतो, आणि तो रोज अगदी सारखा लागतो. आज जरा कमी कळकट, उद्या जरा जास्त, असं चालत नाही. म्हणून तो आम्ही स्वतः तयार करतो. दिव्याची काजळी, लोकरीचं तेल, चाळलेली चिकणमाती, आणि आणखी दोन गोष्टी ज्या मी सांगणार नाही. त्याला कारखान्यात 'प्रमाण मळ' म्हणतात. त्याचं कृतिपत्रक माझ्या हातचं आहे. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर प्रमाण मळ लावायचा, त्यावर साबण लावायचा आणि बावीस वेळा घासायचं. बाविसाव्या वेळी पट्टी पांढरी झाली तर घाणा पास. नव्यानं आलेल्या माणसांना मी पहिल्याच दिवशी सांगतो की साबण काय, कुणीही करेल, चांगला मळ करायला अक्कल लागते. अशा माणसाच्या मानेवर एक ओला टॉवेल तीनदा फिरतो आणि हात टेकतो, ही गोष्ट साधी नव्हती.

बायको अजून घरी यायची होती. कपाटाच्या दाराला एक मोठा आरसा आहे आणि माझा दाढीचा एक छोटा. दोन्हींच्या मधे उभं राहून, अंगाला पीळ देऊन, तिसऱ्या प्रयत्नाला मला मान सापडली. तळहाताच्या निम्म्या आकाराचा मातकट तपकिरी डाग होता, कडेला पुसट झालेला. चहा सांडला आणि टेबल पुसायचं राहिलं तर राहतो तसा. खाज नाही, दुखणं नाही. बोट फिरवलं तर किंचित खरबरीत. मी चार नंबरची वडी घेतली. ती आमच्या कारखान्याची शान आहे. फेस केला, मोजून बावीस वेळा हात फिरवला, धुतलं, आरसे जुळवले. फेस उत्तम आला होता. डाग जिथल्या तिथे होता. मग चव्वेचाळीस केले. धुऊनपुसून डाग उलट जास्तच ठसठशीत दिसायला लागला. मी न्हाणीघरातल्या स्टुलावर बसून राहिलो. मानेवरचं पाणी पाठीत उतरत होतं, आणि ते गार पाणी पाठीतून जाता जाता मला आईपाशी घेऊन गेलं. दर शनिवारी ती आम्हा भावंडांना रांगेत उभं करून माना वाकवायला लावायची. तिच्या मते माणसाचं सगळं चारित्र्य मानेच्या मागच्या बाजूला असायचं. "तोंड काय, कुणीही धुतं," ती म्हणायची, "मान सांगते घर कसं आहे ते." ताईची मान कधीच काळी नसायची. माझी कायम असायची. मग एक खरबरीत दगड यायचा आणि कातडी लालभडक होईपर्यंत चालायचा, आणि मी रडलो की आई म्हणायची, "तू नाही रडत आहेस, मळ रडतोय." शिकायला घराबाहेर पडलो त्या दिवशी मी कानाला खडा लावला की यापुढे ही मान कुणी घासणार नाही, मीसुद्धा नाही. फेस लावायचा, वर पाणी ओतायचं, बस. फेसावर माझी श्रद्धा बसली ती तेव्हापासून, आणि पुढे त्या श्रद्धेचा मला पगार मिळायला लागला. आई जाऊन चौदा वर्षं झाली. तरी ती न्हाणीघराच्या दारात उभी आहे आणि न बोलता बघतेय असं वाटून मी टॉवेल मानेभोवती गुंडाळला.

आणि मग खरी गोष्ट डोक्यात शिरली. सलूनवाला माझी मान महिन्यातून एकदा बघतो. बायको रोज बघते. तिला हे दिसलेलं असणार. गेले आठ महिने आमच्या घरात काहीतरी बदललं होतं आणि ते काय, याचं उत्तर मला स्टुलावर बसल्या बसल्या एका क्षणात मिळालं. लग्नापासून ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. आठ महिन्यांपूर्वी एकाएकी फिरली. पाठ भिंतीला आणि तोंड माझ्याकडे. मी हे प्रेमाचं लक्षण समजलो होतो. दोन मित्रांना आडून आडून सांगितलंही होतं. आता कळलं की तो पहारा होता. त्या रात्रीपासून मीही उताणा झोपायला लागलो. भांडलेली नवराबायको एकमेकांकडे पाठ करतात म्हणे. आमच्या घरात कुणी कुणाला पाठ दाखवायला तयार नव्हतं. दुसरी गोष्ट किटलीची. संध्याकाळी ती कामावरून यायची, किटलीत पाणी उकळल्याचा आवाज यायचा, मग मधल्या छोट्या खोलीत जाऊन ती दार लोटून घ्यायची आणि अर्धा तास बाहेर यायची नाही. म्हणजे चहा व्हायचा, पण एकटीचा. एकदा न राहवून मी दाराबाहेरून म्हणालो होतो, "या घरात पूर्वी दोघांचा चहा व्हायचा." आतून उत्तर आलं, "डोकं दुखतंय हो." तिसरी गोष्ट त्या खोलीतल्या खुर्चीवरची जाड उशी. मी आत गेलो की ती त्या उशीला टेकून ताठ बसायची आणि मी बाहेर जाईपर्यंत उठायची नाही. वर्षभरापूर्वी तिनं कपडे दुरुस्त करून देणाऱ्या एका दुकानात काम धरलं. दिवसभर शिवणयंत्रावर वाकायचं. मी नको म्हटलं होतं. "पाठ जाईल तुझी, मग मला सांगू नकोस," असं मी म्हणालो होतो, आणि ती म्हणाली होती, "नाही सांगणार." तो आमचा शेवटचा मोठा वाद; तो ती जिंकली आणि माझ्याकडे एक 'मी सांगितलं नव्हतं का' तेवढं शिल्लक राहिलं, वेळ आली की वापरायला. आता मला दिसलं की वेळ भलत्याच दिशेनं आली. दिवसभर लोकांच्या कॉलरी उसवणाऱ्या बाईला कॉलरीवरून माणूस कळतो. तिला मी कळलो होतो.

पुढचे तीन आठवडे मी कारखान्यात अर्धा तास लवकर जायला लागलो. सोळा प्रकारच्या वड्या मी त्या मानेवर चालवून पाहिल्या, सगळ्या फेसाच्या, हलक्या हातानं, कारण घासायचं नाही हा नियम मोडायचा धीर अजून होत नव्हता. निकाल वहीत लिहिले. उघड लिहिता येईना म्हणून 'नमुना मा' असं नाव दिलं. एक दिवस मोठ्या साहेबांनी वही चाळली आणि विचारलं, "हा नमुना मा काय प्रकार आहे? कशालाच दाद देत नाही." मी म्हटलं, "जुना आहे, साहेब." ते म्हणाले, "मग फेकून द्या ना." माझ्या टेबलावर डाव्या हाताशी स्पिरिटची बाटली असते. परीक्षेआधी काचा पुसायला लागते. साबणाच्या परीक्षेत स्पिरिट म्हणजे कॉपी. स्पिरिटनं निघालेला मळ धरायचा नाही, हे मीच नियमात लिहिलंय आणि शंभर जणांना बजावलंय. त्या तीन आठवड्यांत ती बाटली मी रोज सात-आठदा उचलली, काचा लख्ख पुसल्या आणि जागेवर ठेवली. दुपारच्या सुट्टीत फोनवर आजार वाचायचो. जगात जेवढे भयंकर आजार आहेत त्या प्रत्येकाची पहिली खूण मानेवरचा तपकिरी डाग असते असा माझा समज झाला. रोज एका आजारानं मरून मी संध्याकाळी घरी यायचो, आणि तिथे किटली वाजायची. गुरुवारी जेवताना बायको ताटातून नजर न उचलता म्हणाली, "रविवारी जरा बोलायचंय." मी म्हटलं, "आत्ता बोल." ती म्हणाली, "आत्ता नको. वाक्यं नीट जुळवायला हवीत." तीस वर्षांत या बाईनं माझ्याशी बोलायला एकही वाक्य जुळवलेलं नव्हतं, जे यायचं ते तडक यायचं. आजारानं मरायला मी एव्हाना सरावलो होतो, पण ती निघून जाईल आणि कारण मान असेल, हे मला सहन होणार नव्हतं. शुक्रवारी मी त्वचेच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली.

त्वचेच्या दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीत लोक एकमेकांकडे जसे बघतात तसे दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात बघत नाहीत. हृदयाच्या डॉक्टरकडे कुणी कुणाचं हृदय शोधत नाही. इथे प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगावर काय आलंय ते हुडकत असतो आणि आपलं झाकत असतो. मी वरचं बटण लावून, वर मफलर गुंडाळून बसलो होतो. हवा उकाड्याची होती, त्यामुळे सगळे माझ्याकडेच बघत होते. समोर कॉलेजातल्या दोन बहिणी होत्या. धाकटी मोठीच्या हातावर नखानं रेघा ओढत होती, आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्या रेघा लाल होऊन, फुगून वर येत होत्या. चौकट आखून दोघींचा फुली-गोळा चालला होता. माझं तोंड उघडं राहिलेलं बघून मोठी म्हणाली, "दुखत नाही काका. गोळी घेतली की उमटत नाही. आज तपासणी आहे म्हणून बंद ठेवलीय." मी विचारलं, "आणि मिटतं कधी?" "अर्ध्या तासात. तोवर आमचे तीन डाव होतात." माझ्या शेजारी एक म्हातारा घड्याळजी होता. त्याला झाकायची हौस नव्हती. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत ओढून नडग्या माझ्यापुढे केल्या. दोन्हींवर लालसर तपकिरी जाळं उमटलं होतं, कुणी मासे धरायचं जाळं ओलं करून दाबावं तसं. "घरच्यांनी माझं सगळं आवरायला घेतलं होतं," तो म्हणाला. "वाटलं रक्ताचा रोग. काही नाही हो, दुकानात पायाशी हीटर असतो. रोज त्याच जागी शेक बसला, चटका नाही बसला तरी, की कातडीवर हे असं येतं म्हणे. औषध काय, तर हीटर बंद. मी डॉक्टर बाईंना म्हटलं, हे तर माझी बायकोही सांगते. पण म्हणाल्या, थांबा, महिने लागतील, आपोआप जाईल. चोळून पुसून काही जायचं नाही." मग त्यानं पँट खाली सोडली आणि विचारलं, "तुमचं काय?" मी म्हटलं, "माझं काही नाही. मी सहज आलोय." घड्याळजीनं मफलरकडे पाहिलं आणि मान डोलावली.

डॉक्टर बाई माझ्या भाचीच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी मफलर काढायला लावला, दिवा असलेलं भिंग मानेवर टेकवलं आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला सलूनवाला आठवला. "काय काय लावून झालं?" त्यांनी विचारलं. मी खिशातून यादी काढली. सोळा वड्या, प्रत्येकीपुढे फेसाची उंची, हात फिरवल्याची संख्या, निकाल. त्यांनी ती सगळी वाचली. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"तुम्ही काम काय करता?"

"साबणाच्या कारखान्यात आहे. परीक्षक."

"अच्छा," त्या म्हणाल्या आणि पाठमोऱ्या झाल्या. खण उघडल्याचा आवाज आला, काहीतरी फाडल्याचा, आणि मग मानेवर एकदम गार लागलं. ओळखीचा वास आला. सव्वीस वर्षं डाव्या हाताला असलेला वास. त्यांनी जरा दाबून चार-पाच वेळा पुसलं आणि कापसाचा बोळा माझ्या नाकापुढे धरला. तो तपकिरी झाला होता.

"निघतंय," बाई म्हणाल्या.

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "म्हणजे मळच."

"मळ नाही. कातडीचा वरचा जुना थर रोज गळून पडत असतो. काहींचा काही जागी गळत नाही, तिथेच घट्ट बसून राहतो, थरावर थर. दिसायला हुबेहूब मळ. साबण-पाण्यानं निघत नाही, स्पिरिटनं पुसलं की निघतं, हीच त्याची ओळख. तेच निदान आणि तेच औषध. त्याचं एक लांबलचक नाव आहे, अर्थ साधारण 'घट्ट जमीन' असा."

"पण मी धुतो. रोज धुतो."

"रोज धुणाऱ्यांनाच होतं बहुतेक. तुमची काही चूक नाही यात. लोक उगाच मुलांना रागावतात, घासघास घासतात."

मी खुर्चीत बसून राहिलो. आईची सगळी शनिवारची रांग माझ्या डोळ्यांसमोरून गेली, ताई, धाकटा, दगड, सगळं. हे तेव्हाही असेच थर होते का, ते आता कुणाला माहीत. पण 'तुमची काही चूक नाही' हे माझ्या मानेबद्दल आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाईंनी दुसरा बोळा फाडला तेव्हा मी म्हटलं, "थांबा. थोडं राहू द्या."

"राहू द्या?"

"नाण्याएवढं. घरी दाखवायला. सगळं पुसून गेलो तर बायको म्हणेल, शेवटी धुतलीत वाटतं."

बाई या वेळी हसल्या. बाकीचं पुसून झाल्यावर मी आणखी एक मागणी केली, की हे मला लिहून द्या. त्यांनी औषधाच्या कागदावर लिहिलं: 'मानेवरील डाग हा मळ नाही. स्वच्छतेशी संबंध नाही.' खाली सही केली, शिक्का मारला, आणि पुन्हा आलं तर काय करायचं म्हणून दहा पाकिटं हातात ठेवली. प्रत्येक पाकिटात स्पिरिटमध्ये भिजवलेला एक बोळा.

परत येताना मी मफलर पिशवीत घातला आणि पहिलं बटण सोडलं. तीन आठवड्यांनी मानेला वारा लागत होता. बसमध्ये मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसलो, मागच्यांना मान दिसावी म्हणून, आणि मग नाण्याएवढं राहिलंय हे आठवून पुन्हा मागे गेलो. मनात रविवारची तयारी चालली होती. ती बोलायच्या आत आपणच बोलायचं, आजच. आधी कागद, मग प्रयोग. परीक्षकाला शोभेल असा. आठ महिने एक बाई आपल्याला कळकट समजून शेजारी झोपते आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही, याचा मला आता जरा रागही यायला लागला होता.

घरात शिरलो तर किटली नुकतीच थांबली होती आणि मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी न विचारता आत गेलो. बायको खुर्चीत ताठ बसली होती, पाठीमागे उशी. हातात कप नव्हता. हे माझ्या लक्षात आलं, पण माझं भाषण आधीच सुरू झालं होतं.

"हे वाच."

तिनं कागद घेतला, लांब धरून वाचला, पुन्हा वाचला. "शिक्का कशाला?" ती म्हणाली.

"तुझ्यासाठी. तुला आठ महिने जे वाटतंय ते नाही, याचा तो पुरावा."

"मला काय वाटतंय?"

मी पाठ फिरवली, कॉलर खाली ओढली आणि खाली बसलो. गेल्या तीन आठवड्यांत मी तिला पाठ दाखवण्याची ही पहिलीच वेळ. एक पाकीट खांद्यावरून मागे दिलं. "नाण्याएवढं ठेवलंय. पूस."

मग पाकीट फाटलं, गार लागलं, आणि तिनं पुसलं. आईइतकं नाही, पण बाईंपेक्षा बऱ्याच जोरानं. मी हूं की चूं केलं नाही.

"अगबाई," ती म्हणाली. "जातंय."

"तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं की. पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मान धुवा?" तिचा आवाज हलायला लागला होता. "तुमचा अख्खा जन्म साबणात गेलाय. घरात आलं-गेलं कुणी की तुम्ही त्या मळाचं कौतुक सांगता. अशा माणसाला बायकोनं सांगायचं, अहो, मान धुवा? तुम्ही आठ दिवस जेवला नसता." आणि ती हसायला लागली. तपकिरी बोळा डोळ्यांपुढे धरून ती अशी हसली की तिला खुर्चीत बसवेना. ती पुढे वाकली, आणि मग हसणं मधेच तुटलं, तिचा हात कमरेवर गेला आणि तोंडातून "आई गं" असं निघालं. मागची उशी सरकून खाली पडली. तिच्या अभ्र्याच्या उघड्या तोंडातून एक रबरी पिशवी घरंगळत बाहेर आली आणि माझ्या पायाशी थांबली. मी ती उचलली. हातात धरवेना इतकी गरम होती.

माझ्या डोक्यातला किटलीचा आवाज, लोटलेलं दार, भिंतीला टेकलेली पाठ, हे सगळं एकेक करून जागचं हललं. "बघू," मी म्हटलं. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, "बघू गं." तिनं उठून माझ्याकडे पाठ केली आणि कपडा कमरेवर जरा वर उचलला. तिथे जाळं होतं. घड्याळजीच्या नडग्यांवर होतं तसंच, लालसर तपकिरी, कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "हे काय झालंय मला कळत नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आधी नुसतं दुखायचं. मग हे दिसायला लागलं. तुम्हाला उद्या सांगणार होते. वाक्यं जुळत नव्हती."

मला सगळं माहीत होतं. घड्याळजीनं मला शब्दन् शब्द सांगितलं होतं की हे चोळून पुसून जात नाही. तरी मी दुसरं पाकीट फाडलं. कमरेवरच्या एका रेघेवरून बोळा फिरवला, हलक्या हातानं, एकदा, दोनदा, मग मोजणं सोडून दिलं. गार लागून ती शहारली. मी बोळा उजेडाकडे धरून पाहिला, उलटा करूनही पाहिला. तो पांढरा होता. सव्वीस वर्षं पांढरं निघालं की मी पास म्हणतो. तीन आठवडे मी माझ्या मानेवर पहारा ठेवणारी बाई बघत होतो, आणि ही इथे आठ महिने रोज संध्याकाळी दार लोटून गरम पाण्याला टेकून बसत होती.

"हे शेकानं आलंय," मी म्हटलं. "शेक थांबला की जाईल. हळूहळू. भिण्यासारखं नाही."

"खरं?"

"खरं. पण दुखतंय कशानं ते दाखवायला हवं कुणाला तरी."

ती पाठमोरीच उभी राहिली, खांदे किंचित वर उचलून, अंग आकसून. ती कशाची वाट बघतेय ते मला कळलं. माझं वाक्य वर्षभर तयार होतं, ते जिभेवर येऊनही बसलं होतं: मी सांगितलं नव्हतं का. त्याच्यासाठी याहून चांगली वेळ पुन्हा आली नसती. पण हिनंही एक वाक्य इतके दिवस तोंडात धरलं होतं, माझ्या मानेकडे रोज बघत, पाठ दुखत असताना. मी कपडा हळूच खाली सोडला.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

तिचे खांदे लगेच खाली आले नाहीत. तिनं आणखी थोडी वाट पाहिली, मग वळून माझ्याकडे पाहिलं, मी खरंच एवढंच म्हणणार आहे का याची खात्री करत. मग खुर्चीच्या हाताला धरून सावकाश बसली.

"किटलीत पाणी अजून गरम असेल," ती म्हणाली. "आधी दोन कप चहा करा. मग सांगते."

मी रबरी पिशवी उचलली, स्वयंपाकघरात जाऊन तिच्यातलं पाणी ओतून टाकलं, आणि दोन कप काढले.